धावत्या मालमोटारीचे वजन: एका फिरत्या संदेशाला उत्तर

मालवाहतूकदारांमध्ये एक संदेश बराच फिरतो आहे. त्याचा आशय असा: धावत्या गाडीचे वजन होऊच शकत नाही, टोलनाक्याच्या लेनमध्ये पुरलेल्या वजनाच्या पट्ट्या उन्हात वाट्टेल ते आकडे दाखवतात, ब्रेक मारला की त्या चकतात, एकूण वजन पासिंगमध्ये, म्हणजे नोंदणीतील मर्यादेत, असेल तर एक्सलचा (चाकांच्या प्रत्येक आसावरील भाराचा) हिशेब कोणी मागू नये, आणि म्हणून काट्यावर जायला सरळ नकार द्यावा.

पहिल्या दाव्याच्या मुळाशी एक खरे निरीक्षण आहे. ताशी 80 किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला सुमारे 22 मीटर जाते आणि स्प्रिंगच्या पाट्यांवर तोललेला तिचा सांगाडा तेवढ्यात साधारण दोन-तीनदा वरखाली होतो. पट्टीची रुंदी मात्र काही सेंटिमीटरच असते, त्यामुळे टायर तिच्यावर सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास टिकतो आणि तिला कळतो तो हेलकाव्याच्या त्या एका क्षणातला दाब. पण यावरून एकाच पट्टीवर विसंबू नये, एवढेच सिद्ध होते. म्हणूनच पट्ट्यांच्या दोन किंवा अधिक रांगा अंतर राखून बसवतात आणि त्यांच्या नोंदींची सरासरी घेतात. टायरचा ठसा पट्टीपेक्षा लांब असल्यामुळे पूर्ण भार तिच्यावर एकदम कधीच येत नाही. यंत्रणा दाबाच्या आलेखाखालचे क्षेत्रफळ काढून त्याला वेगाने गुणते आणि पट्टीच्या रुंदीने भागते. उरणारी चूक कोणी लपवलेली नाही. धावत्या गाड्या तोलणाऱ्या यंत्रणांसाठीच्या ई-1318 या अमेरिकी मानकाच्या पहिल्या प्रकारात एकूण वजनाच्या 95 टक्के नोंदींतली चूक 10 टक्क्यांच्या आत असावी लागते, एका एक्सलसाठी ही मुभा 20 टक्के आहे. अशा साधनाने तीनशे किलो जास्त भरलेली गाडी पकडू नये हे मान्य, पण दीडपट भरलेली गाडी त्याच्या नजरेतून सुटणे अवघड आहे. नेदरलँड्समध्ये ते संशयित गाड्या निवडण्यासाठी वापरतात आणि अंतिम वजन थांबवून करतात. चेक प्रजासत्ताकात मात्र कायदेशीर पडताळणी झालेल्या यंत्रणेच्या नोंदीवरून थेट दंडही होतो. टोलनाक्यावर तर गाडी संथ असते, आणि वेग कमी झाला की हेलकाव्याचा परिणामही घटतो.

उन्हाचा आक्षेप पॉलिमरच्या पट्ट्यांना लागू पडतो. दुसऱ्या प्रकारच्या पट्ट्यांतल्या क्वार्ट्झच्या स्फटिकावर तापमानाचा परिणाम अगदी नगण्य असतो. तरी भोवतालचे डांबर तापून मऊ होते आणि चाकोऱ्या पडल्या तर चांगली पट्टीही चुकते, म्हणून वाहतूकदारांनी भांडायचेच असेल तर पट्टीआधीच्या रस्त्याची पातळी आणि शेवटच्या कॅलिब्रेशनची (माहीत वजनाशी ताडून केलेल्या जुळणीची) तारीख यांवरून भांडावे. ब्रेक मारल्याने भार पुढच्या एक्सलवर सरकतो, गाडीतून नाहीसा होत नाही; शिवाय पट्ट्यांवरून जाताना वेग बदलला की तो नोंदीत दिसतो.

एक्सलचा दावा सर्वांत महागात पडणारा आहे. 2018 च्या सुधारित मर्यादेनुसार दोन एक्सलच्या ट्रकला एकूण 18.5 टन चालतात, पण त्यातले पुढे 7 आणि चार टायरच्या मागच्या एक्सलवर 11.5. माल मागे लोटून भरला आणि पुढे 5, मागे 13.5 टन पडले, तर मोठ्या काट्यावर गाडी बिनबोभाट पास होते, कारण तो काटा सगळी गाडी एकदम तोलतो. रस्ता मात्र एक्सल मोजतो. अमेरिकेत इलिनॉयमधील ओटावा येथे 1958 ते 1960 या काळात झालेल्या चाचण्यांवरून रस्त्याची हानी एक्सलभाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते, असा ठोकताळा निघाला. त्या हिशेबाने हा मागचा एक्सल मर्यादेतल्या एक्सलच्या जवळजवळ 1.9 पट हानी करतो, आणि पुढचे टोक हलके झाल्याने स्टिअरिंगची पकडही जाते, जे अनुभवी चालकाला सांगावे लागत नाही.

राहिला नकाराचा सल्ला. मोटार वाहन कायद्याच्या कलम 114 नुसार अधिकृत अधिकारी संशयित मालगाडीला पुढच्या वाटेवरील काट्यावर न्यायला सांगू शकतो. कलम 194 मध्ये जादा भाराला 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये दंड आहे. वजनासाठी थांबायला नकार देणाऱ्या चालकाला मात्र 40,000 रुपये.