केस जळल्याचा वास आला म्हणून किल्ट लोकरीचा ठरत नाही

स्कॉटलंडला शिकायला, नोकरीला किंवा फिरायला जाणाऱ्या मराठी मंडळींमध्ये एक संदेश बराच फिरतो. एडिंबरोच्या रॉयल माइल या रस्त्यावर तीस-चाळीस पौंडांना मिळणारा किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा चुणीदार, चौकड्यांचा घागरा, खऱ्या लोकरीचा आहे का, हे म्हणे कोणालाही एका मिनिटात ओळखता येते. धागा जाळल्यावर केसांचा वास आला पाहिजे, कापड अंगाला टोचले पाहिजे, हाताला जड लागले पाहिजे, चुण्या धारदार बसलेल्या असल्या पाहिजेत आणि लेबलावर स्कॉटलंडचे नाव व नोंदणीकृत टार्टनचा (चौकड्यांच्या नमुन्याचा) उल्लेख असला पाहिजे. एवढे जुळले की तो किल्ट ‘शंभर टक्के लोकर’ समजावा. किंमत कमी आहे ती म्हणे केवळ शिलाई पाकिस्तानात झाल्यामुळे. यातल्या एका खुणेत अर्धे तथ्य आहे, बाकीच्यांत तेवढेही नाही.

अर्धे तथ्य आहे ते जाळण्याच्या चाचणीत, म्हणून तिच्याकडे नीट पाहू. लोकर म्हणजे केराटिन हे प्रथिन. आपले केस आणि नखेही त्याचीच बनलेली असतात, आणि त्यात गंधक असल्यामुळे जळताना तो ओळखीचा उग्र वास येतो. हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो, तर लोकर पेटती राहायला साधारण २५ टक्के लागतो. त्यामुळे ज्योत बाजूला घेतली की ती आपोआप विझते आणि मागे बोटांनी सहज चुरडता येणारी काळी राख राहते. ॲक्रिलिक या कृत्रिम तंतूला १८ टक्क्यांच्या आसपास प्राणवायू पुरतो, म्हणून ते ज्योत काढल्यावरही जळत राहते, वितळते आणि शेवटी काळी, कडक गाठ उरते. पॉलिएस्टर ज्योतीपासून आक्रसून मागे सरते आणि त्याचाही टणक मणी होतो. व्हिस्कोस (लाकडाच्या लगद्यापासून केलेला तंतू) कागदासारखे जळते.

इथवर सारे ठीक आहे. मात्र ही चाचणी ‘धाग्यात लोकर आहे का’ एवढ्याच प्रश्नाचे उत्तर देते. ‘किती आहे’ हे ती सांगत नाही. तीस टक्के लोकर आणि सत्तर टक्के ॲक्रिलिक एकत्र कातलेल्या धाग्यालाही केसांचाच वास येतो, कारण तो वास इतका तीव्र असतो की बाकीचे वास त्याखाली दबून जातात. म्हणून नाकापेक्षा राखेकडे लक्ष द्यावे. गार झालेली राख बोटांत चोळल्यावर तिची पूड झाली तर ठीक. मध्येच बारीक खडे लागले तर कापडात भेसळ आहे. धागाही एकच जाळून भागत नाही. कमरपट्ट्याच्या आतल्या शिवणीतून एक उभा आणि एक आडवा, असे दोन धागे काढावेत, कारण ताणा एका जातीचा आणि बाणा दुसऱ्या जातीचा असू शकतो. धागा चिमट्यात धरून, खाली धातूची ताटली ठेवून जाळावा. आणि अर्थातच, विकत घेण्यापूर्वी दुकानात नव्हे.

टोचण्याची खूण तर उलटीच आहे. घोंगडीच्या अनुभवावरून लोकर टोचतेच अशी आपल्याकडची समजूत आहे आणि दख्खनी मेंढीच्या जाड लोकरीपुरती ती खरीही आहे. पण टोचणे हे तंतू कशाचा आहे यापेक्षा तो किती जाड आहे यावर अवलंबून असते. साधारण ३० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड तंतूंची टोके कातडीला बोचतात. किल्टचे चांगले कापड वर्स्टेड लोकरीचे असते, म्हणजे लांब तंतू विंचरून, एकमेकांना समांतर करून कातलेल्या धाग्याचे, आणि ते हाताला गुळगुळीत लागते. याउलट जाडेभरडे ॲक्रिलिक खुशाल टोचू शकते.

वजनाचेही तेच. टार्टनचे कापड वारामागे औंसांत मोजण्याची पद्धत आहे: दहा-अकरा औंस हलके, तेरा मध्यम, सोळा भारी. हे आकडे कापडाच्या वजनाचे आहेत, तंतूच्या जातीचे नव्हेत. पॉलिएस्टरची घनता (सुमारे १.३८) लोकरीहून (सुमारे १.३१) जास्त आहे, आणि ॲक्रिलिकचेही सोळा औंसी कापड निघते. चुण्यांच्या बाबतीत संदेशकर्त्याने नेमकी चुकीची बाजू धरली आहे. पॉलिएस्टरला उष्णतेने घातलेली चुणी धुतल्यावरही मोडत नाही; लोकरीची चुणी मात्र वाफेच्या इस्त्रीने बसवावी लागते आणि अधूनमधून पुन्हा दाबावी लागते.

चुण्या पाहायच्याच असतील तर त्यांची खालची कड उलटून पाहावी. पारंपरिक किल्टला खाली दुमड घातलेली नसते. मागावर विणतानाच तयार झालेला कापडाचा पक्का काठ गुडघ्याशी येतो, कारण एवढ्या चुण्यांमध्ये दुमड घातली तर घेर खाली जाड होऊन बसतो. तीस पौंडांच्या किल्टला तिथे बहुधा मशीनची सरळ टीप दिसते. त्यावरून तंतू सिद्ध होत नाही (पॉलिएस्टर-व्हिस्कोसचे कापडही पक्क्या काठाचे विणता येते), पण कापड किल्टसाठी विणले होते की कुठलेही चौकड्यांचे थान कापून काम भागवले आहे, हे साधारण समजते.

लेबलाबद्दलचा दावा सर्वांत जास्त फसवणारा आहे. टार्टनची सरकारी नोंदवही स्कॉटिश संसदेच्या २००८च्या कायद्याने निर्माण झाली आणि २००९ पासून ती सुरू आहे. तिच्यात नोंद होते ती नमुन्याची, म्हणजे रंगांची आणि धाग्यांच्या क्रमाची. तो नमुना लोकरीत विणा, ॲक्रिलिकमध्ये विणा किंवा कागदावर छापा, नोंदीला त्याचे सोयरसुतक नाही. ‘मेड इन स्कॉटलंड’ हे शब्दही फार तर ठिकाण सांगतात. आणि ‘डिझाइन्ड इन स्कॉटलंड’ असेल तर तेवढेही नाही. पाहायचे असते ते तंतूंचे प्रमाण. ब्रिटनमध्ये २०१२च्या नियमांनुसार कापडी मालावर तंतूंची नावे आणि टक्केवारी देणे बंधनकारक आहे. ‘ॲक्रिलिक वुल’ असे लिहिलेले आढळले आणि टक्केवारी दिलेली नसेल, तर ते कापड ॲक्रिलिकचे आहे असेच धरून चालावे.

घरी खात्री करायचीच असेल तर क्लोरीनचे ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, आगीपेक्षा अधिक भरवशाचे. प्रयोगशाळेत लोकर आणि इतर तंतूंच्या मिश्रणाचे प्रमाण काढण्याची एक मान्य पद्धत याच रसायनावर आधारलेली आहे. शिवणीच्या आतून कापलेला नखाएवढा तुकडा काचेच्या वाटीत, पाणी न घातलेल्या ब्लीचमध्ये बुडवून काही तास ठेवावा. लोकर हळूहळू विरघळून जाते. ॲक्रिलिक आणि पॉलिएस्टर जसेच्या तसे राहतात. काही उरले नाही तर कापड लोकरीचे (रेशीमही विरघळते, पण रेशमी किल्ट या किमतीत कोणी विकणार नाही). विरविरीत जाळी उरली तर मिश्रण, आणि तुकडा अखंड राहिला तर त्यात लोकर नाहीच. जुन्या बाटलीतल्या ब्लीचचा जोर गेलेला असतो, म्हणून शेजारी खात्रीच्या लोकरीचा एक धागा टाकून ठेवावा. तो विरघळला नाही तर चाचणी बाद समजावी. खिडकी उघडी असावी, आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा अमोनिया कदापि मिसळू नये, विषारी वायू निघतो.

राहता राहिली किंमत. पाकिस्तानातल्या सियालकोटमध्ये किल्ट मोठ्या प्रमाणावर शिवले जातात आणि तिथली मजुरी कमी आहे, हे खरेच आहे. पण आठ वारी किल्टला दुहेरी पन्ह्याचे चार वार कापड लागते, आणि एवढ्या वर्स्टेड लोकरीची किंमतच तीस-चाळीस पौंडांच्या पुष्कळ वर जाते. शिलाई फुकट धरली तरी हिशेब जुळत नाही. स्वस्तात खरी लोकर मिळण्याचा मार्ग वेगळा आहे: किल्ट भाड्याने देणारी दुकाने वापरलेला माल विकायला काढतात, आणि ब्रिटिश सैन्यातले जुने भारी किल्टही बाजारात येतात. तिथे घेताना कापड उजेडासमोर धरून आरपार पाहावे. बारीक भोके दिसली तर कसर लागलेली आहे. मग भाव पाडून घ्यावा, आणि घरी आणल्यावर ट्रंकेतल्या इतर लोकरी कपड्यांपासून तो किल्ट लांब ठेवावा.