म्हातारा झालेला पल्प, तरी ऐकाच

पल्प या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘मोअर’ या अल्बमला एका लेखात ‘आठवणींचा धंदा’ म्हणून मोडीत काढलंय, ते काही पटलं नाही. 2001 च्या ‘वी लव्ह लाइफ’नंतर थेट 2025 मध्ये अल्बम, म्हणजे 24 वर्षांची गॅप. मीही नाक मुरडतच लावला होता, खोटं कशाला बोलू! पण त्यांचा गायक जार्विस कॉकर वयाची साठी ओलांडल्यावर तरुण असल्याचा आव आणत नाही, तिथेच त्यानं मला जिंकलं. आवाज जरा खाली उतरलाय, तिरकसपणा मात्र तसाच. ‘स्पाइक आयलंड’ हे गाणं हेडफोन लावून ऐका आणि खालचा बास नीट ऐका. त्यांचा जुना बासवाला स्टीव्ह मॅकी 2023 मध्ये गेला, अल्बम त्यालाच अर्पण केलाय. हे कळल्यावर काही गाणी वेगळीच लागतात.

मध्ये दोन-तीन गाणी रेंगाळतात, मान्य. आणि त्यांच्या जुन्या गाजलेल्या ‘कॉमन पीपल’ गाण्यासारखं अख्ख्या गर्दीनं बेंबीच्या देठापासून ओरडावं असं काही शोधत असाल, तर हात हलवत परत याल. ‘गॉट टू हॅव लव्ह’ला पाय मात्र आपोआप हलतात. तीन आठवड्यांत रेकॉर्ड केलाय म्हणे हा सगळा ऐवज. आमच्या घरी भिंतीला रंग द्यायला याहून जास्त दिवस लागले!