‘एक पालक’ यांस : हो, मी जेवणाऱ्यांसमोर गाते

जॅझ गायिका कशी घडते यावर मी मागे लिहिलं, त्यावर नेरुळहून ‘एक पालक’ अशी सही करून एक प्रतिक्रिया आली. ती अशी : ‘ताई, राग मानू नका, पण लोक जेवत असताना हॉटेलात गाणं याला करिअर म्हणायचं का? माझी मुलगी अकरावीत आहे, तुमचा लेख वाचून हट्ट धरून बसली आहे. महिन्याला हातात किती पडतात ते तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. आणि जॅझ यात्रा 1980 ला नव्हे, 1978 ला सुरू झाली.’

शेवटचं आधी. मुंबईतला तो जॅझ महोत्सव 1978 चाच, बरोबर. चूक माझी, लेखात दुरुस्त केली, आभार. साल इतकं पक्कं लक्षात आहे म्हणजे तुम्ही कदाचित रंगभवनाच्या खुल्या नाट्यगृहात जाऊन ऐकलेलंही असेल. मग तर ‘हॉटेलात’ हा शब्द तुम्हाला अजिबात शोभला नाही.

‘राग मानू नका’ म्हणून माणूस जे बोलतो ते राग यावा म्हणूनच बोललेलं असतं, हे मी नौपाड्यातल्या आमच्या चाळीत लहानपणीच शिकले. ‘हॉटेलात गाते म्हणे’ हे वाक्य माझ्या आईला जिन्यात ऐकवलं गेलंय. त्याच सुरात, अगदी त्याच ‘म्हणे’सकट. तुम्ही ‘म्हणे’ लिहिलं नाहीत, पण मला ऐकू आलं.

मुंबईत जॅझ आलं कुठून? 1935 साली अमेरिकन लिऑन ॲबीचा वाद्यवृंद ताज हॉटेलात वाजवायला आला. तिथली माणसं जेवायला आणि नाचायलाच यायची, हात जोडून मांडी घालून बसायला नव्हे. पुढे अमेरिकन पियानोवादक टेडी वेदरफर्डही तिथेच वाजवून गेला. गोव्याचा चिक चॉकलेट ताजमध्ये ट्रम्पेट वाजवत होता, आणि तोच आपल्या चितळकरांच्या, म्हणजे सी. रामचंद्रांच्या, ‘अलबेला’ सिनेमात होता. ती गाणी तुमच्याही घरच्या वरातीत वाजली असतील. तेव्हा नाही विचारलंत, हे हॉटेलातलं आहे का म्हणून. सनई तर आपण पंगतीलाच लावतो, आणि वर ती मंगल म्हणतो.

अमेरिकन जॅझ गायिका बिली हॉलिडेचं सांगते. 1947 मध्ये अमली पदार्थांच्या खटल्यात तिला शिक्षा झाली आणि न्यूयॉर्कच्या क्लबांत गाण्यासाठी लागणारं कार्ड गेलं. जिथे दारू विकतात तिथे त्या कार्डाशिवाय गायचं नाही, असा नियम. पुढच्याच वर्षी तिने कार्नेगी हॉल भरवला. पण कार्नेगी हॉल रोज नसतो. रोजचा क्लब गेला तेव्हा तिची रोजीरोटी गेली. ज्याला तुम्ही नाक मुरडता ती जागा म्हणजेच हा धंदा आहे, पालकसाहेब. मोठं सभागृह हा सणवार.

आता माझं. गांधर्वची मध्यमा, म्हणजे शास्त्रीय गायनाची परीक्षा, पूर्ण करून मी 2011 मध्ये दक्षिण मुंबईतल्या एका हॉटेलात पहिल्यांदा उभी राहिले. पियानोवाल्या अंकलने विचारलं, ‘की कुठली?’ म्हणजे पट्टी, सा कुठे लावणार ते. मी म्हटलं, ‘काळी चार,’ म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी. ते दोन सेकंद माझ्याकडे बघत राहिले, मग पेटीवर बोटं मोजावीत तशी हवेत मोजली आणि हसले : ‘ए फ्लॅट बोल ना, बाबा.’ पट्टी तीच, नाव इंग्रजी. त्यानंतर कळलं की काळी चार धरून सगळं गाता येत नाही. आपल्याकडे एकदा सा लावला की सगळी मैफल त्यावर. इथे प्रत्येक गाण्याचा पल्ला वेगळा, त्यामुळे प्रत्येकाची पट्टी वेगळी. छापील वहीतली पट्टी बहुतेक वेळा माझ्या गळ्याला बसायची नाही. मग रात्री घरी बसून एकेक गाणं माझ्या पट्टीत उतरवून काढायचं, साथीला एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुड्यांसकट, म्हणजे कॉर्ड्‌ससकट. ती वही आज 214 गाण्यांची आहे. लय गायिकेनेच मोजून द्यायची असते, आणि ती चुकली तर 32 मात्रा नव्हे, 32 बार सगळ्या बँडने तुमची चूक वाजवायची. (एका बारात बहुतेक वेळा चार मात्रा; मात्रा आणि बार यांत गफलत मी पहिले सहा महिने केली.)

हे कुठल्या वर्गात शिकवतात? माझ्या उजव्या हाताला बुफेची रांग होती. जेवण गरम ठेवणाऱ्या चाफिंग डिशचं झाकण नेमकं मंद गाण्यात पडायचं. मी ते झाकण लयीत घ्यायला शिकले. पंचेचाळीस मिनिटांचे तीन सेट, आठवड्यातून तीन रात्री, दोन वर्षं. शेवटची लोकल चुकली की बॅग उशाला घेऊन दादरला बाकावर, पहिल्या गाडीपर्यंत. तुम्ही कधी बसला आहात?

जॅझची मोठी गायिका एला फिट्झगेराल्ड 1934 मध्ये न्यूयॉर्कच्या अपोलो थिएटरच्या हौशी स्पर्धेत नाचायला म्हणून गेली होती, ऐन वेळी घाबरून गायली. त्या पब्लिकला आवडलं नाही की ते हुर्यो करून माणूस खाली उतरवायचं. त्यामानाने जेवणारी माणसं सभ्य. निदान तोंडात घास असतो.

पैशांचं. मानधन चव्हाट्यावर लिहायचा विषय नव्हे. कॉर्पोरेट कार्यक्रमाचे पैसे दीड-दोन महिन्यांनी येतात, टीडीएस कापून येतात, यापुढे काय सांगू? अमेरिकन जॅझ गायिका शीला जॉर्डनने तर वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत जाहिरात कंपनीत नोकरी केली आणि सोबत गायली. हे उदाहरण तुमच्या बाजूने जातं, कळतं मला. मी त्या अर्थाने दिलेलं नाही.

मुलीच्या हट्टाचं खापर माझ्यावर फोडू नका. अकरावीतल्या मुलीला मी ओळखतही नाही. तिला पट्टी विचारा, एवढंच. सांगता आली तर पुढे बोलू.

या शुक्रवारी घोडबंदर रोडला गाते आहे, नऊ वाजता. तिला घेऊन या. बिल तुमचं तुम्ही द्यायचं. आणि टेबल बुफेजवळचं मागू नका, ते झाकण अजून पडतं.