घाटासाठी ई-सायकल घेताना

ई-सायकल कशी निवडावी, यावरच्या लेखांत सगळा भर बॅटरीच्या रेंजवर, म्हणजे एका चार्जमध्ये सायकल किती किमी जाते यावर असतो. कंपनी सांगते ती रेंज बहुतेक सपाटीवरची असते. साताऱ्याहून कासला जाताना यवतेश्वरचा घाट लागला की काटा भराभर उतरतो. व्यायामासाठी घेताय ना? मग टॉर्क सेन्सर आहे का, ते आधी विचारा. त्यात पायाने जेवढा जोर लावाल त्या प्रमाणात मोटर साथ देते, म्हणजे घामही निघतो. साध्या सेन्सरवर पेडल नुसतं फिरवत राहिलं तरी सायकल पळते, आणि थ्रॉटल (स्कूटरसारखी पिळायची मूठ) असेल तर चढावर हात आपोआप तिकडेच जातो! मागच्या चाकातली मोटर लांबलचक चढावर रडतखडत चालली की तापते, म्हणून पायाने जोर लावून वेग टिकवायला गिअर हवेतच. उतारासाठी डिस्क ब्रेक, शक्यतो ऑइलचे. मोटर 250 वॅटच्या आणि वेग ताशी 25 किमीच्या आत असेल तर पासिंग-लायसन्सची भानगड नाही.