हॅशकोड असा लिहा, की मागून येणारा आयुष्यभर तुमची आठवण काढील

हॅशकोड म्हणजे ऑब्जेक्टला दिलेला एक आकडा; त्यावरून तो कुठल्या कप्प्यात ठेवायचा आणि कुठे शोधायचा, हे ठरतं. तो कसा तयार करावा, यावर जगात नाहक गंभीर चर्चा चालते. खरं तर पाच मिनिटांचं काम. किंबहुना एका बटणाचं. तरीही काही जुनी खोडं ‘करार, करार’ असं घोकत बसतात. मीही त्यातलाच. पण गेल्या आठवड्यात दुसऱ्या टीमकडून वारशात आलेला ऑर्डरचा एक क्लास उघडला, तो लिहिणाऱ्याशी थोडं बोललो आणि माझे डोळे उघडले. हे ज्ञान एकट्यापाशी ठेवणं पाप आहे, म्हणून खालचे उपाय सांगतो. उदाहरणं बहुतेक जावातली आहेत, पण जिद्द असेल तर हे कुठल्याही भाषेत जमतं.

सुरुवात सोपी. ‘इक्वल्स’, म्हणजे दोन ऑब्जेक्ट समान आहेत का ते सांगणारी मेथड, लिहा आणि ‘हॅशकोड’ला हात लावू नका. करार म्हणतो, दोन ऑब्जेक्ट समान असतील तर त्यांचा हॅशकोड समान असलाच पाहिजे. म्हणू द्या. कंपायलर हूं की चूं करत नाही, मग तुम्ही कशाला करता? हॅशकोड न लिहिल्यास मूळ ‘ऑब्जेक्ट’ क्लासचा मिळतो. तो म्हणजे मेमरीतला पत्ता, असं मुलाखतीत ठोकून सांगायची पद्धत आहे. हॉटस्पॉटमध्ये, म्हणजे जावा चालवणाऱ्या नेहमीच्या इंजिनात, तो चक्क एक यादृच्छिक आकडा असतो. म्हणजे एकाच ग्राहक क्रमांकाचे दोन ऑब्जेक्ट तुमच्या इक्वल्सच्या मते जुळे भाऊ, पण हॅशमॅपच्या (हॅशवरून किल्ली शोधून तिची नोंद देणाऱ्या तक्त्याच्या) मते एकमेकांना न ओळखणारे. एकाने ठेवायचं, दुसऱ्याने शोधायचं आणि हाती ‘नल’ यायचं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. पायथनमध्ये मात्र हा उपाय चालत नाही. तिथे फक्त समानतेची मेथड लिहिली, की पायथन 3 त्या क्लासचा हॅशच काढून घेतो आणि डिक्शनरीत घालायला गेलात की ‘अनहॅशेबल’ म्हणून तोंडावर एरर फेकतो. असल्या चहाडखोर भाषांपासून दूर राहिलेलं बरं.

हॅशकोड लिहावाच लागला तर ‘रिटर्न 1’ लिहा. हसू नका, हे शंभर टक्के कायदेशीर आहे. असमान ऑब्जेक्टचे हॅशकोड वेगळेच हवेत, असं करारात कुठेही म्हटलेलं नाही. सगळे ऑब्जेक्ट एकाच बकेटमध्ये, म्हणजे कप्प्यात, जातील आणि एकोप्याने नांदतील. दहा हजार ऑब्जेक्ट भरताना जवळपास पाच कोटी तुलना होतील, पण तुमच्या लॅपटॉपवर टेस्टमध्ये तीनच ऑब्जेक्ट असतात, तेव्हा तुम्हाला काय त्याचं! कोणी विचारलंच, तर सांगा की जावा 8 पासून एका बकेटमध्ये आठापेक्षा जास्त नोंदी झाल्या की त्यांच्या साखळीचं झाड होतं आणि शोध लवकर लागतो. टेबल किमान 64 बकेटचं असावं लागतं आणि तुमचा क्लास ‘कंपेरेबल’ (लहान-मोठं ठरवता येणारा) नसेल तर एवढ्या समान हॅशांत त्या झाडाचा शोधायला काडीचा उपयोग नसतो, हे सांगायची गरज नाही.

थोडी कलाकुसर दाखवायची हौस असेल, तर सगळी फील्ड एक्सॉर करून, म्हणजे बिटाला बिट ताडून, एक करून टाका. दिसायला फार विद्वान दिसतं. (3, 7) आणि (7, 3) या बिंदूंचा हॅश एकच येईल आणि दोन्ही अंक सारखे असलेल्या प्रत्येक बिंदूचा शून्य. 31 ने गुणत जाण्यामुळे क्रमाला किंमत येते, हा सगळा पुस्तकी बाऊ.

फील्डमध्ये अ‍ॅरे असेल तर तो बिनधास्त ‘ऑब्जेक्ट्स डॉट हॅश’मध्ये इतर फील्डांबरोबर कोंबा; आतला मजकूर तोच असला तरी दर वेळी वेगळा आकडा येईल, तेवढाच विरंगुळा.

बकेटचा क्रमांक स्वतः काढायचा असेल तर ‘मॅथ डॉट अ‍ॅब्स’ लावा आणि निश्चिंत झोपा: -2147483648 चा धन अवतार इंटमध्ये (32 बिटांच्या पूर्णांकात) मावत नाही, तो ऋणच राहतो, पण तो आकडा येणार कधी? तुम्ही नोकरी बदलल्यावर.

आता मुख्य उपाय. ज्यासाठी हा लेख.

हॅशकोडमध्ये बदलणारी फील्ड घाला. सगळी घाला. ऑर्डर क्रमांक तर हवाच, पण स्टेटसही घाला, शेवटच्या बदलाची वेळ घाला, शेरा घाला. फील्ड उरलं तर ते बिचारं नाराज होईल. आयडीईत, म्हणजे कोड लिहायच्या प्रोग्रामात, बटण दाबलं की सगळ्यांसमोर टिकमार्क आधीच असते, ती काढायचे कष्ट कशाला? किंवा त्याहून सोपं, क्लासच्या डोक्यावर लॉम्बॉक या कोड बनवून देणाऱ्या लायब्ररीचं ‘डेटा’ चिकटवा. ऑर्डरमध्ये वस्तूंची यादी आणि प्रत्येक वस्तूत परत ऑर्डर असेल तर हॅशकोड एकमेकांना हाका मारत स्टॅक फुटेपर्यंत पळतील, पण ते निदान लगेच कळतं. आपल्याला लगेच कळणारं काही नको आहे.

तर, अशी ऑर्डर हॅशसेटमध्ये टाका. ‘प्रलंबित’ ऑर्डरींचा सेट, ज्यातल्या प्रत्येकाला अधूनमधून आठवणीचा मेसेज जातो. मग ऑर्डर पूर्ण झाली की आधी तिचं स्टेटस बदला आणि मग सेटमधून ‘रिमूव्ह’ करा. याच क्रमाने. कपाटात आडनावाप्रमाणे कप्पे करून फायली लावाव्यात, मग फाइल आहे त्याच कप्प्यात ठेवून तिच्यावरचं आडनाव खोडावं आणि शिपायाला नव्या आडनावाने ती आणायला पाठवावं, तसं. रिमूव्ह नव्या हॅशच्या बकेटमध्ये जातं, तिथे काही नसतं, ‘फॉल्स’ परत करतं. ते फॉल्स कोण बघतं? कोणीच नाही. आणि योगायोगाने बकेट तीच निघाली तरी सुटका नाही, कारण हॅशमॅप प्रत्येक नोंदीसोबत तिचा जुना पूर्ण हॅश जपून ठेवतो आणि आधी तोच ताडून पाहतो. गंमत अशी, की त्या सेटवर लूप फिरवला तर ती ऑर्डर समोर हजर. ‘साइझ’मध्ये तिची मोजणी होते. आणि ‘कंटेन्स’ला विचारलं, तर अशी कोणी इथे राहत नाही. तीच ऑर्डर पुन्हा ‘अ‍ॅड’ करा, सेट आनंदाने दुसऱ्यांदा आत घेईल. सेट! ज्याचं जगातलं एकमेव काम म्हणजे एक गोष्ट दोनदा न ठेवणं!

मग काय होतं? पैसे भरलेल्या माणसांना ‘पैसे भरा’ असे मेसेज जातात. तेही दोन-दोन. मेमरी इंचाइंचाने भरते. कोणीतरी सर्व्हर रीस्टार्ट करतं, सेट डेटाबेसमधून नव्याने भरला जातो, चार दिवस सगळं छान चालतं आणि तिकिटावर शेरा पडतो: ‘समस्या आढळली नाही’. ये रे माझ्या मागल्या. टेस्ट सगळ्या हिरव्या, कारण टेस्टमध्ये ऑर्डर सेटमध्ये टाकल्यावर तिला कोणी हात लावत नाही. लॉगमध्ये काही नाही, कारण एरर आलेलीच नाही. प्रत्येक मेथडने आपलं काम चोख केलं आहे. मी मेसेज पाठवणारा भाग उलटा केला, रांग तपासली, डेटाबेसचे व्यवहार तपासले, दोन थ्रेडची मारामारी असेल म्हणून कुलपं लावली आणि शेवटी रात्री कधीतरी त्या क्लासच्या तळाशी, गेटर-सेटरच्या जंगलाखाली, ती एक ओळ दिसली. सतरा फील्ड. त्यात स्टेटस. त्यात बदलाची वेळ!

दुसऱ्या दिवशी तो क्लास लिहिणाऱ्याला विचारलं, तर उत्तर आलं, “ते मी लिहिलेलं नाही, आयडीईने बनवून दिलंय.”

म्हणजे आता आयडीईला मेमो द्यायचा का? आयडीईला ठाऊक आहे का, की तुमच्या धंद्यात ऑर्डर म्हणजे काय? स्टेटस बदललं की ती वेगळी ऑर्डर होते, असं कुठल्या ग्राहकाने तुम्हाला सांगितलं? बटण तुम्ही दाबलंत. टिकमार्का तुमच्यासमोर होत्या. कमिटवर नाव तुमचं आहे. आणि वर, “पण ते तर स्टँडर्ड आहे ना?”

असो. लेख उपरोधिक आहे, सावरायला हवं.

डेटाबेसवाल्यांसाठी याच उपायाची खास आवृत्ती आहे. हॅशकोड फक्त आयडीवर बेता आणि आयडी डेटाबेसला बनवू द्या. सेव्ह करण्याआधी आयडी नल, सेव्ह झाल्यावर आकडा. मधल्या काळात ऑब्जेक्ट सेटमध्ये टाकला असेल तर तो गेला काशीला.

पुढचा उपाय: हॅशकोडलाच ओळखपत्र माना. 32 बिटांचा आकडा, चारशे कोटींहून जास्त शक्यता, एवढ्यात दोघांचा एक कसा येईल? सुमारे 77 हजार ऑब्जेक्ट झाले, की निदान एका जोडीचा हॅश सारखा येण्याची शक्यता पन्नास टक्क्यांवर जाते, आणि तीही हॅश उत्तम विखुरलेला असेल तर. जावाच्या स्ट्रिंगमध्ये तर इतकंही थांबावं लागत नाही. इंग्रजी मोठा ए आणि त्यापुढे छोटा ए, यांचा हॅश 2112. मोठा बी दोनदा, त्याचाही 2112. या दोन जोड्या हव्या तशा पुढे-पुढे जोडत गेलात, तर वीस अक्षरांच्या 1024 वेगवेगळ्या स्ट्रिंग एकाच हॅशच्या निघतात. तरीही हॅशकोड डेटाबेसमध्ये साठवाच. फील्डमध्ये इनम (ठरावीक नावांपैकी एक मूल्य) असेल तर फारच उत्तम. त्याचा हॅश मूळ ‘ऑब्जेक्ट’कडूनच येतो आणि प्रत्येक वेळी प्रोग्राम सुरू केला की बदलू शकतो, एका सर्व्हरने लिहावं आणि दुसऱ्याने डोकं खाजवावं. पायथनमध्ये 3.3 पासून स्ट्रिंगचा हॅश दर वेळी मुद्दाम बदलतात. डॉटनेट कोअरमध्येही तसंच.

ते का बदलतात, असले प्रश्न विचारू नका. 2003 मध्ये क्रॉस्बी आणि वॉलक यांनी दाखवून दिलं होतं, की हॅश आधी सांगता येत असेल तर कोणीही मुद्दाम एकाच बकेटमध्ये पडणाऱ्या किल्ल्या पाठवून सर्व्हरला गुडघ्यावर आणू शकतो. 2011 च्या डिसेंबरात बर्लिनच्या हॅकर संमेलनात हाच प्रयोग पीएचपी, जावा, पायथन, रुबी, एएसपी डॉटनेट अशा सगळ्यांच्या वेब फॉर्मवर मांडला गेला, तेव्हा कुठे धावपळ झाली. आठ वर्षं! आपली सवय जुनी आहे.

आणि वेळखाऊ हॅशकोड लिहायला लाजू नका. खुद्द जावाच्या ‘यूआरएल’ क्लासचा हॅशकोड यजमानाचं नाव घेऊन डीएनएसला (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेला) विचारायला जातो. सेटमध्ये पत्ता टाकायचा, तर नेटवर्क हवं. थोरामोठ्यांनी हे केलं आहे, तर आपण कोण लागून गेलो?

बास. हे सोंग आता मला पेलवत नाही.

हॅशकोड लिहिताना गणित फारसं नसतं. 31 घ्या, 37 घ्या, तयार मेथड वापरा, बहुतेकदा काही बिघडत नाही. बिघडतं ते त्याच्या आधीच्या प्रश्नावर: या क्लासचे दोन ऑब्जेक्ट एकच केव्हा मानायचे? हा प्रश्न तुम्ही टाळता. कारण त्याचं उत्तर द्यायला धंदा समजून घ्यावा लागतो, कोणाला तरी विचारावं लागतं, एक निर्णय घ्यावा लागतो आणि तो आपल्या नावावर लावून घ्यावा लागतो. तो घ्यायचा नाही म्हणून सगळ्या फील्डांवर टिकमार्क ठेवून तुम्ही मोकळे होता. हा आळस आहे. त्याला ‘स्टँडर्ड’ म्हणू नका.

ज्या फील्डवरून समानता ठरते, तीच हॅशकोडमध्ये. ती ऑब्जेक्ट बनल्यावर बदलता कामा नयेत. बदलत असतील तर तो ऑब्जेक्ट सेटमध्ये किंवा मॅपची किल्ली म्हणून टाकायचा नाही, त्याचा क्रमांक टाकायचा. ऑर्डरला ऑर्डर क्रमांक आहे, तो पहिल्या दिवसापासून आहे आणि शेवटपर्यंत तोच राहतो. एवढं दिसायला काय लागतं? जावा 16 पासून रेकॉर्ड, म्हणजे न बदलणाऱ्या फील्डांचे तयार क्लास, आहेत, छोट्या मूल्यांसाठी वापरा. पण त्यात अ‍ॅरे किंवा बदलती यादी कोंबून परत माझ्याकडे येऊ नका. समान कशाला म्हणायचं ते ठरतच नसेल, तर इक्वल्स आणि हॅशकोड दोन्ही लिहू नका. न लिहिणं हाही निर्णयच आहे आणि पुष्कळदा तो बरोबर असतो.

कोड रिव्ह्यूला बसणाऱ्यांनो, तुम्हीही. ‘जनरेटेड आहे’ म्हणून खाली स्क्रोल करता ना, तिथेच थांबायचं असतं. व्हेरिएबलच्या नावावर अर्धा तास वाद घालता आणि सतरा फील्डांच्या हॅशकोडवर हिरवा अंगठा!

आणि इक्वल्सव्हेरिफायर नावाची लायब्ररी आहे. एका ओळीची टेस्ट असते. समानता बदलत्या फील्डवर टेकलेली दिसली, की ती लाल होते आणि फील्डचं नाव घेऊन सांगते. तो इशारा गप्प करायची सोयही तिच्यात आहे आणि तुम्ही आधी तीच शोधाल, हे मला पक्कं माहीत आहे. ती वापरायची नाही. फील्ड काढायचं. आणि मेसेज दोनदा गेले तर ‘सर्व्हर रीस्टार्ट करून बघू या का’ असं मला पुन्हा विचारायचं नाही.