स्मीटन यांचे दीपगृह कोसळले नव्हते

इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यासमोर एडिस्टनच्या खडकावर जॉन स्मीटन यांनी १७५९ मध्ये पूर्ण केलेले दीपगृह वादळात कोसळले, असे सांगितले जाते; ते खरे नाही. वादळाने नष्ट केले ते त्याच जागेवरचे विन्स्टनली यांचे लाकडी दीपगृह, १७०३ मध्ये. स्मीटन यांनी एकमेकांत खाचांनी अडकवलेले दगड, पाण्यातही घट्ट होणारा चुना आणि ओकच्या बुंध्यासारखा तळाशी रुंदावणारा आकार योजला होता, आणि ते बांधकाम शतकाहून अधिक काळ भक्कम राहिले. झिजत होता तो खालचा खडक. म्हणूनच शेजारी नवे दीपगृह बांधून ते १८८२ मध्ये सुरू करण्यात आले आणि जुन्याचा वरचा भाग उतरवून प्लिमथ येथे पुन्हा उभारण्यात आला. त्याचा बुंधा, ज्याला पडका अवशेष म्हणणे अन्यायाचे ठरेल, समुद्रात आजही उभा आहे.