करुणा आणि वरच्या मजल्यावरच्या टाचा

दिवसभरातली प्रत्येक बारीकसारीक निवड सजगपणे केली की आध्यात्मिक उन्नती होते आणि अंगी करुणा बाणते, असं माझ्या वाचनात आलं आणि घरच्यांचे वाईट दिवस सुरू झाले. पूर्वी मी नुसता उशीर करायचो. आता जाणीवपूर्वक करू लागलो.

फोनचंच घ्या. व्हिएतनामचे भिक्खू तिक न्यात हान्ह सांगायचे, फोन वाजला की झडप घालू नका; ती सजगतेची घंटा समजा, शांतपणे तीन श्वास घ्या आणि मग उचला. सल्ला अव्वल आहे. फक्त त्यांना फोन करणारी माणसं वेगळी असणार. माझ्या पहिल्या श्वासाला आतल्या खोलीतून "अरे, बहिरा झालास का?" अशी विचारणा होते. दुसऱ्या श्वासाला बायको स्वतः उठून येते आणि मी डोळे मिटून बसलेला पाहून जे म्हणते, ते ऐकल्यावर तिसरा श्वास शांत राहत नाही. तोवर फोन बंद. उलट फोन लावला तर साहेब विचारतात, "कुठे होतात?" 'श्वासात होतो' हे उत्तर नोकरीत चालत नाही.

डासांच्या बाबतीतही तेच. चावते ती फक्त मादी, आणि तेही अंड्यांसाठी रक्तातली प्रथिनं हवीत म्हणून, हे कळल्यापासून हात उगारला की समोर बाळंतपणाच्या तयारीला लागलेली माऊली दिसते. बायकोला दिसत नाही. त्यामुळे आमच्या घरात अहिंसा माझ्याकडे आणि डास तिच्याकडे, अशी कामाची वाटणी झाली आहे.

रांगेत मात्र मला करुणेची नामी संधी मिळाली. बरीच लांब रांग होती, माझा नंबर जवळ आलेला, आणि घामाघूम झालेले एक आजोबा "फक्त एक सही हवी होती हो" म्हणत उभे. मी त्यांना माझ्या पुढे घेतलं. ऊर भरून आला. तेवढ्यात मागून आवाज आला, "ओ दानशूर, तुमचा नंबर त्यांना द्या आणि तुम्ही शेवटी जा की! आमचे नंबर कशाला वाटताय?" हिशोब बिनचूक होता. पुण्य माझं आणि उशीर सगळ्या रांगेचा! शेवटी जाण्याचा पर्याय माझ्या करुणेला काही सुचला नव्हता.

करुणेचं आणि वेळेचं हे नातं तसं तपासूनही झालेलं आहे. डार्ली आणि बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी 1973 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या प्रिन्स्टनमध्ये धर्मशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसरीकडे भाषण द्यायला पाठवलं आणि वाटेत एक कण्हणारा माणूस बसवला. निवांत असलेल्यांपैकी 63 टक्के मदतीला थांबले. घाईत असलेल्यांपैकी जेमतेम 10 टक्के. गंमत म्हणजे काहींच्या भाषणाचा विषयच मुळी वाटेतल्या जखमी माणसाला मदत करणाऱ्या परोपकारी प्रवाशाची बायबलमधली गोष्ट हा होता. त्यानंही म्हणावा असा फरक पडला नाही. म्हणजे मुरवायचा गुण काय, तर लवकर निघणं! मीही लवकर निघू लागलो. पण वाटेत कुणी कण्हायलाच तयार नाही. गरजू माणसं नेमकी मी उशिरा निघालो की भेटतात.

मग ठरवलं, घरी बसूनच करुणा वाढवायची. बुद्धघोष या बौद्ध आचार्यांनी पाचव्या शतकात मैत्रीभावनेची पद्धतशीर उतरंड लिहून ठेवली आहे: आधी स्वतःचं भलं चिंतायचं, मग प्रिय व्यक्तीचं, मग जिच्याबद्दल बरंवाईट काहीच वाटत नाही अशा तटस्थ व्यक्तीचं, आणि शेवटी वैऱ्याचं. पहिल्या पायरीवर मी फार रमलो. तिसरीवर घोडं अडलं. ज्याच्याबद्दल माझं काहीच मत नाही असा माणूस मला सापडेना. जिन्यात ओझरत्या दिसणाऱ्या माणसाच्या चपला काढण्याच्या पद्धतीबद्दलसुद्धा माझं मत आहे.

वैरी मात्र आयता होता. आमच्या वरच्या मजल्यावरचे काका. रात्री साडेदहाला हे गृहस्थ टाचा आपटत चालू लागतात. आधी कपाटापर्यंत धप धप धप, मग शांतता, आणि आपला डोळा लागतोय तोच परत येताना धप धप धप. राग जात नसेल तर बुद्धघोषांचा उपाय असा, की त्या माणसाचे भाग पाडून पाहा: तुझा राग नेमका कशावर आहे? केसांवर? नखांवर? दातांवर? मी अंधारात पडल्या पडल्या प्रामाणिकपणे तपासलं. केस काकांना नाहीतच. नखांशी माझं भांडण नाही. दात स्वतःचे आहेत की नाहीत ते ठाऊक नाही, पण असले तर लखलाभ. असं करत करत टाचांपाशी आलो आणि साधना तिथेच संपली.

काहीच लागू पडलं नाही, तर त्या माणसाला भेट द्यावी, असंही बुद्धघोषांनी सांगितलंय. मी काकांना मऊ, जाड तळाच्या सपाता दिल्या. यात करुणा किती आणि झोप किती, ते बुद्धघोषांनाच ठाऊक. काका मात्र गहिवरले. "इतक्या वर्षांत या बिल्डिंगमध्ये मला कुणी काही दिलं नव्हतं हो," म्हणाले. मला क्षणभर खरोखरच कसंतरी झालं, आणि त्या भरात "येत जा की खाली गप्पा मारायला" असं तोंडून निघून गेलं.

काका येतात. रोज येतात. रात्री साडेदहापर्यंत वरचा मजला आता निःशब्द असतो. सपातांना ते जिवापाड जपतात, त्यामुळे दाराबाहेर काढून ठेवतात आणि बोलताना येरझाऱ्या घालायची सवय असल्यानं आमच्या हॉलमध्ये अनवाणी हिंडतात. हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

परवा खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मला जिन्यात गाठलं. चेहरा विलक्षण प्रेमळ. माझी विचारपूस केली, घरच्यांची केली, आणि मग माझ्या पावलांकडे पाहत मायेनं विचारलं, "तुमच्या पायाचा नंबर काय हो?"